शिराझ द्राक्षाची दक्षिणेंतील कथा

गोदावरीच्या कांठचें पैठण आणि तेरणेच्या कांठचें तेर या दोन गांवांना जोडणारी एक सरळ रेघ नकाशावर ओढली, तर ती बीड शहराच्या अगदीं जवळून जाते. दोन हजार वर्षांपूर्वीं हीं दोन्ही गांवें दख्खनच्या व्यापाराचीं नामांकित ठाणीं होतीं. इसवी सनाच्या पहिल्या शतकांत ग्रीक भाषेंत लिहिलेल्या 'पेरिप्लस' नामक व्यापारी मार्गदर्शिकेंत पैठण आणि तगर, म्हणजे आजचें तेर, येथून गाड्यांवर लादलेला माल भडोचच्या बंदरास जात असे अशी नोंद आहे. त्याच ग्रंथांत भडोचला उतरणाऱ्या परदेशी मालाची यादी दिली असून तिच्या आरंभींच द्राक्षमद्याचें नांव येतें. इटलीच्या मद्यास पहिली पसंती, शिवाय लाओदिकिया व अरबस्तान येथील मद्यहि खपत असे. गाड्या माल घेऊन गेल्या, त्या परततांना रिकाम्या आल्या नसतील. तेव्हां आज ज्या प्रदेशास बीड जिल्हा म्हणतात, त्या प्रदेशानें द्राक्षाची वेल पाहण्यापूर्वीं द्राक्षमद्याचे रांजण पाहिले असण्याचा संभव बराच आहे.

उत्तर हिंदुस्थानास मात्र द्राक्षाची ओळख फार जुनी. कौटिल्याच्या अर्थशास्त्रांत द्राक्षरसापासून होणाऱ्या मद्याचा उल्लेख असून तें कोणत्या देशाचें यावरून त्याचीं नांवें पडलीं आहेत, आणि ते देश वायव्येकडचे आहेत. सातव्या शतकांत आलेला चिनी यात्रेकरू ह्युएनत्संग यानेंहि काश्मीरपासून पुढें ठिकठिकाणीं द्राक्षें लाविलेलीं असल्याचें लिहून ठेविलें आहे. क्षत्रिय लोक द्राक्षाचें व उसाचें मद्य पितात, तर ब्राह्मण व श्रमण द्राक्षाचा न आंबविलेला रस घेतात, हा त्यानें सांगितलेला भेद मोठा मार्मिक आहे. एकाच फळाचे दोन उपयोग, आणि त्यांवरून समाजाचे दोन पंथ! हा वाद आजहि संपलेला नाहीं.

दक्षिणेंत द्राक्षाच्या बागेचें ठळक दर्शन घडतें तें चौदाव्या शतकांत. १३२७ सालीं सुलतान महंमद तुघलकानें आपली राजधानी दिल्लीहून देवगिरीस आणली आणि तिला दौलताबाद हें नांव दिलें. या लहरी सुलतानाचा बीडशींहि एक चमत्कारिक संबंध आहे. दक्षिणेंतील एका स्वारीवरून परततांना बीडनजीक त्याचा एक दांत दुखून पडला, आणि तो त्यानें समारंभानें पुरवून त्यावर घुमट बांधविला, असें इतिहासकार फिरिश्ता सांगतो. बीडजवळच्या टेकडीवर ती दांताची कबर आजहि दाखवितात. दिल्लीहून आलेल्या अमीर-उमरावांना उत्तरेकडील फळें हवीं असणार हें उघड आहे. १३४२ सालीं दिल्लीहून चीनकडे वकील म्हणून निघालेला मोरोक्कोचा प्रवासी इब्न बतूता दौलताबादेस आला, तेव्हां तेथें द्राक्षें व डाळिंबें होत असून त्यांना वर्षांतून दोनदां फळ येतें, असें त्यानें नमूद केलें.

वर्षांतून दोनदां! प्रवाशांच्या अतिशयोक्तीची संवय असलेला वाचक येथें थबकेल. परंतु द्राक्षाची लागवड जाणणाऱ्यास त्यांत अतिशयोक्ति मुळींच दिसणार नाहीं. उलट, दख्खनमधील द्राक्षशेतीचें सगळें मर्म या एका वाक्यांत सांठविलेलें आहे.

द्राक्षाची वेल मूळची थंड हिंवाळ्याच्या देशांतली. युरोपांत थंडी पडली कीं तिचीं पानें झडतात आणि ती तीन-चार महिने गाढ झोंपी जाते. वसंतांत डोळे फुटतात, उन्हाळ्यांत मणी भरतात, आणि ऑगस्ट ते ऑक्टोबरच्या दरम्यान घड उतरतात. दख्खनमध्यें तिला झोंपविणारी थंडीच नाहीं. येथें ती बारमहा जागी राहते, बारमहा फुटूं पाहते, आणि तिला मोकळी सोडली तर पानोळा वाढून फळ दुबळें होतें. म्हणून निसर्गाचें काम येथें शेतकऱ्याच्या कात्रीस करावें लागतें. एप्रिलमध्यें तो पहिली छाटणी करतो, तिला खरड छाटणी म्हणतात. त्या छाटणीनंतर ज्या नव्या काड्या फुटतात, त्यांच्या डोळ्यांत उन्हाळ्याच्या लख्ख प्रकाशांत घडाचें सूक्ष्म बीजरूप तयार होतें. पावसाळाभर काडी पिकते. मग ऑक्टोबरच्या सुमारास दुसरी छाटणी होते, ती गोडीबहाराची. या वेळीं काडीचे दोन-चार वा अधिक डोळे राखून वरचा भाग उडवितात, आणि राखलेल्या डोळ्यांतून घड बाहेर पडतो. तो जानेवारीपासून मार्चपर्यंत पक्व होतो. एप्रिलच्या छाटणीनंतरहि थोडेंबहुत फळ येऊं शकतें, परंतु तें पावसांत सांपडून आंबट राहतें व कुजतें. म्हणून शेतकरी तें काढून टाकतो आणि दोन छाटण्यांवर एकच पीक घेतो. इब्न बतूतानें ज्या दोन बहारांचें कौतुक केलें त्यांचें रहस्य हेंच असावें.

पुढें नाशिक व दौलताबाद या दोन्ही परगण्यांत भोकरी, फकडी, साहेबी, हबशी अशीं अस्सल देशी वाटणारीं नांवें द्राक्षांस मिळालीं. वेली पांगाऱ्याच्या जिवंत खुंटांवर चढवीत असत. यांतील हबशी हें नांव फळाच्या काळ्या रंगावरून पडलेलें दिसतें. परंतु काळें असो वा पांढरें, हें द्राक्ष खाण्याचें होतें, मद्याचें नव्हे. मराठी घरांत द्राक्ष आलें तें फळ म्हणून, मनुका म्हणून, फार तर वैद्याच्या द्राक्षासवाच्या बाटलींतून. काळ्या द्राक्षापासून तांबडें मद्य करण्यासाठींच म्हणून लावलेली जात महाराष्ट्रांत आली ती विसाव्या शतकाच्या उत्तरार्धांत, आणि तिच्यांतील प्रमुख जात म्हणजे शिराझ.

शिराझ हें इराणमधील एका विख्यात शहराचें नांव. दख्खनच्या इतिहासांत त्या शहराची एक हृद्य आठवण आहे. १३७८ ते १३९७ या काळांत गुलबर्ग्यास राज्य करणारा दुसरा महंमदशहा बहामनी हा विद्याप्रेमी होता, आणि बीडचा मुलूख तेव्हां बहामनी सत्तेखालींच होता. सुलतानाचा मंत्री मीर फजलुल्ला इंजू यानें शिराझच्या हाफीज कवीस दख्खनला येण्याचें आमंत्रण दिलें व वाटखर्चाची रक्कम धाडली. फिरिश्त्याच्या वृत्तांताप्रमाणें हाफीजनें त्यांतील बराच पैसा देणेकऱ्यांत व आप्तेष्टांत वांटून टाकला, तो होर्मुझ बंदरापर्यंत आला, जहाजावर चढला, आणि तेवढ्यांत वादळ उठलें. कवीचें धैर्य खचलें. तो किनाऱ्यावर उतरला आणि एक गझल लिहून ती पाठवून परत शिराझला गेला. हाफीज दख्खनला आला नाहीं. सहाशें वर्षांनीं त्याच्या गांवाचें नांव धारण करणारें द्राक्ष मात्र येऊन पोंचलें.

गंमत अशी कीं, या द्राक्षाचा शिराझ शहराशीं कांहींएक संबंध नाहीं. फ्रान्समध्यें ऱ्होन नदीच्या कांठीं एर्मिताज नांवाची टेकडी आहे. क्रूसेडच्या युद्धांवरून परतलेल्या एका सरदारानें तेराव्या शतकांत तेथें एकांतवास पत्करला आणि पूर्वेकडून आणलेली वेल त्या टेकडीवर लाविली, अशी दंतकथा शतकानुशतकें प्रचलित होती. फ्रेंच लोक या जातीस सिराह म्हणतात. १८३२ सालीं जेम्स बस्बी या गृहस्थानें फ्रान्स व स्पेन येथून गोळा केलेल्या शेंकडों काड्या ऑस्ट्रेलियास पोंचविल्या, त्यांत हीहि होती, आणि तेथें बोलतां बोलतां नांवाचें रूप शिराझ असें स्थिरावलें. पुढें १९९८ सालीं कॅलिफोर्निया व मोंपेलिये येथील संशोधकांनीं वेलीच्या आनुवंशिक द्रव्याची तपासणी केली, तेव्हां दंतकथेचा निकाल लागला. दुरेझा ही आर्देश प्रांतांतील काळी जात आणि मोंद्यूझ ब्लांश ही सव्हॉयकडील पांढरी जात, यांच्या संकरानें ही वेल जन्मली. दोन्ही आईबाप आग्नेय फ्रान्समधले. तेव्हां नांव इराणचें असलें तरी कूळ निखालस फ्रेंच आहे.

महाराष्ट्रांत ही वेल ज्या रूपानें उभी राहिली, तें रूप आणखी गुंतागुंतीचें आहे. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धांत अमेरिकेंतून आलेल्या फायलॉक्झेरा नांवाच्या सूक्ष्म किडीनें फ्रान्समधील द्राक्षमळ्यांचीं मुळें खाऊन टाकलीं. त्यावर उपाय सांपडला तोहि अमेरिकेंतच: त्या किडीस दाद न देणाऱ्या रानटी अमेरिकन वेलीच्या खुंटावर युरोपीय वेलीचें कलम करावयाचें. महाराष्ट्रांतील द्राक्षमळ्यांपुढें संकट वेगळें होतें. पाण्याची टंचाई आणि जमिनींत वाढणारा खार यांनीं येथील वेली खंगूं लागल्या. तेव्हां शेतकऱ्यांनीं 'डॉगरिज' नांवाच्या खुंटाचा आश्रय केला. हा खुंट मूळचा टेक्सस प्रांतांतील रानवेलीचा. तेव्हां डॉगरिजवर बांधलेल्या शिराझच्या वेलीस इराणचें नांव, फ्रान्सचें अंग आणि टेक्ससचीं मुळें आहेत असें म्हणावें लागतें. ज्या पाण्यावर ती जगते, तें तेवढें महाराष्ट्राचें.

मद्याच्या द्राक्षाचे गुण खाण्याच्या द्राक्षाहून अगदीं उलट असतात, ही गोष्ट शहरी वाचकांस सहसा ठाऊक नसते. खाण्याच्या द्राक्षाचा मणी टपोरा, पातळ सालीचा, बिनबियांचा हवा. तो मोठा व्हावा म्हणून घड संजीवकाच्या द्रावणांत बुडवितात. शिराझचा मणी लहान, लंबगोल, निळसर काळा, जाड सालीचा आणि बियांचा. त्याचा लहानपणा हाच त्याचा गुण आहे. कारण काळ्या द्राक्षाचा रस बहुधा रंगहीनच असतो. तांबडा रंग आणि तुरटपणा हे दोन्ही सालींत असतात, म्हणून रस सालींसकट आंबवावा लागतो. मणी जितका लहान, तितकी रसाच्या मानानें साल अधिक. याच कारणासाठीं या वेलीवर फार भार ठेवीत नाहींत. चांगलें मद्य हवें असेल तर एकरीं चार ते सहा टनांवर समाधान मानावें लागतें. खाण्याच्या द्राक्षाचा बागायतदार याच्या दुप्पट माल सहज काढतो.

या वेलीचा स्वभाव जोमदार आहे. तिचे फुटवे लांब, लवचिक व खालीं लोंबणारे असतात, आणि वाऱ्यानें मोडतात. म्हणून मांडवाऐवजीं तिला कुंपणासारख्या उभ्या तारांच्या रचनेंत वाढवितात व फुटवे वेळोवेळीं तारांत अडकवून घेतात. घड दाट असल्यानें पिकण्याच्या वेळीं पाऊस आला तर तो आंतून कुजतो. पक्वता ओलांडली कीं मणी सुरकुततात. रसांतील साखर शेंकडा बावीस ते चोवीसपर्यंत चढली कीं तोडणी करावी लागते, आणि ती उन्हं चढण्यापूर्वीं, पहांटे वा सकाळीं. उष्ण हवेंत साखर लवकर वाढते खरी, परंतु रसांतील आम्लता तितक्याच वेगानें घटते, आणि आम्लतेवांचून मद्य बेचव व अल्पायुषी होतें. रंग चढावयास दिवसाचें ऊन आणि रात्रीचा गारवा दोन्ही लागतात. जानेवारीच्या रात्रीं बालाघाटाच्या पठारावर गारवा असतो, हें बीडच्या पक्षाचें एक बलस्थान.

जमिनीचा विचार केला तर बीड जिल्ह्याचे दोन भाग पडतात. गोदावरी व सिंदफणेच्या खोऱ्यांतील काळी कसदार जमीन कपाशीस उत्तम, परंतु तिच्यांत पाणी तुंबतें आणि द्राक्षाच्या मुळांस तुंबलेलें पाणी विषासमान. बालाघाटाच्या उतारावरची मुरमाड, निचऱ्याची जमीन द्राक्षास मानवते, पण तेथें पाणीच नाहीं. जिल्ह्याचा सरासरी वार्षिक पाऊस सातशें मिलिमीटरांहून कमी, आणि तोहि बेभरंवशाचा. १९७२, २०१२-१३ आणि २०१५-१६ च्या दुष्काळांच्या आठवणी येथें घराघरांत आहेत. याच कोरड्या रानांतून दरसाल ऊसतोडीसाठीं कुटुंबेंच्या कुटुंबें पश्चिम महाराष्ट्राकडे व कर्नाटकाकडे जातात. म्हणून पाणी हा येथें केवळ शेतीचा प्रश्न नाहीं, घराला कुलूप लागावें कीं न लागावें याचा तो प्रश्न आहे.

पाण्याची ही किंमत जुन्या काळीं ओळखली गेली होती याची साक्ष बीड शहराबाहेरची खजाना विहीर देते. सोळाव्या शतकांत निजामशाहीच्या काळांत सलाबतखानानें ती बांधविली. जमिनीखालच्या बोगद्यांतून पाणी तिच्यांत येतें आणि तसेंच भूमिगत मार्गानें पुढें शेतांकडे जातें. इराणांतील भुयारी पाटांशीं तिची जातकुळी मिळते. इराणाहून शिराझ द्राक्षाचें केवळ नांव आलें, परंतु पाणी उन्हांत न उडवितां जमिनीखालून नेण्याच्या इराणी विद्येशीं बीडचा परिचय चारशें वर्षांहून जुना आहे. आजचें ठिबक सिंचन हें त्याच विचाराचें आधुनिक रूप म्हणावें लागेल. ठिबकानें मोजून दिलेल्या पाण्यावर द्राक्ष उभें राहतें, आणि मणी रंग धरूं लागल्यावर पाणी किंचित् तोडलें तर मद्याच्या द्राक्षाचा कस वाढतो. उसाला जें पाणी लागतें त्याच्या थोड्या अंशांत वेल भागते. एवढें ऐकून कोणासहि वाटेल कीं दुष्काळी शेतकऱ्यासाठीं हेंच पीक योजिलें होतें.

परंतु वेलीस दोन वैरी आहेत, एक आकाशांतला व एक बाजारांतला. आकाशांतला वैरी म्हणजे अवेळचा पाऊस. ऑक्टोबरच्या छाटणीनंतर फुलोऱ्याच्या वेळीं ढगाळ, ओली हवा आली कीं केवडा रोग पानांवर व घडांवर पसरतो. पुढें कोरड्या थंडींत भुरी येते. आणि फेब्रुवारी-मार्चमध्यें गारपिटीचें भय. २०१४ सालच्या त्या दोन महिन्यांतील गारपिटीनें मराठवाड्यांतील फळबागा कशा झोडपल्या हें सर्वश्रुत आहे.

बाजारांतला वैरी अधिक सूक्ष्म आहे. १९८० च्या दशकांत पुणें जिल्ह्यांतील नारायणगांव येथें फ्रेंच तज्ज्ञांच्या साहाय्यानें फेसाळ द्राक्षमद्याचा कारखाना निघाला. तें मद्य परदेशीं गेलें तें ओमर खय्याम या नांवानें; तेथेंहि पुन्हां इराणच! पुढें नाशिककडे कारखाने वाढले. २००१ सालीं महाराष्ट्र सरकारनें द्राक्षप्रक्रियेचें स्वतंत्र धोरण जाहीर केलें. विंचूर व पलूस येथें त्यासाठीं औद्योगिक वसाहती निघाल्या. मोठ्या उत्साहानें शिराझ, काबर्ने इत्यादि जातींच्या लागवडी झाल्या. आणि २००८ च्या जागतिक मंदीनें व त्याच वर्षींच्या मुंबईवरील हल्ल्यानंतर पर्यटनास बसलेल्या धक्क्यानें मद्याचा उठाव मंदावला. कारखान्यांच्या टाक्या भरलेल्या राहिल्या, द्राक्षाची उचल थांबली, आणि अनेक शेतकऱ्यांनीं पोटच्या पोरासारख्या वाढविलेल्या वेली उपटून टाकल्या.

याचें कारण वेलीच्या गुणांतच आहे. बिनबियांचें गोड द्राक्ष पिकलें कीं त्याला तीन वाटा असतात. तें बाजारांत फळ म्हणून विकतां येतें. भाव पडला तर वाळवून त्याचे बेदाणे करतां येतात. तेंहि न साधलें तर रसासाठीं देतां येतें. शिराझला एकच वाट. जाड साल, लहान मणी, आंत बिया. तें हातगाडीवर कोणी घेत नाहीं आणि त्याचा बेदाणाहि कोणी मागत नाहीं. कारखान्याचें दार बंद झालें कीं शेतकऱ्याच्या हातीं केवळ काळा रंग राहतो. ज्या गुणानें हें द्राक्ष मद्यास श्रेष्ठ ठरतें, तोच गुण संकटाच्या वर्षीं त्याच्या धन्याचा घात करतो.

मद्यपानाचें समर्थन वा निषेध हा या कथेचा विषय नाहीं. जानेवारी २०२२ मध्यें मोठ्या दुकानांतून द्राक्षमद्य विकूं देण्याच्या मंत्रिमंडळाच्या निर्णयावर महाराष्ट्रांत जो वाद माजला, त्यांत ते दोन्ही पक्ष भरपूर बोलले. परंतु दोन्ही पक्षांच्या मध्यें उभा असलेला शेतकरी विचारतो तो प्रश्न निराळा असतो: लावलेलें कोण नेणार, आणि त्यानें नेलें नाहीं तर पुढें काय?

इतिहास या प्रश्नाचें उत्तर देत नाहीं, पण त्याची दिशा दाखवितो. पेरिप्लसच्या काळीं भडोचला मद्य उतरे, कारण तेथें घेणारा होता. दौलताबादेंत द्राक्षें पिकलीं तीं राजधानी तेथें आली तेव्हां. वेल कोठूनहि येवो आणि नांव कोणतेंहि धारण करो, तिला जगविणाऱ्या गोष्टी तीनच: निचऱ्याच्या जमिनींत मोजून दिलेलें पाणी, वेळेवर चालणारी कात्री, आणि शब्द पाळणारें गिऱ्हाईक. पहिल्या दोहोंत बीडचा शेतकरी कोणास हार जाणार नाहीं. तिसरी गोष्ट त्याच्या हातची नाहीं. म्हणून पहिला खड्डा खणण्यापूर्वींच ती कागदावर पक्की करून घ्यावी, आणि सगळें रान एकाच वेलीखालीं न घालतां बांधावर आपलें जुनें सीताफळ राखून ठेवावें. तें न छाटतां, न शिंपतां, दुष्काळांतहि चार फळें देतें, आणि त्यासाठीं कोणत्याहि कारखान्याचें दार ठोठवावें लागत नाहीं.